यंत्राला कधी काही ‘वाटेल’ का?

अर्धविराम
एक लांबलचक अहवाल तपासून घेण्यासाठी गेल्या आठवड्यात मी एका चॅटबॉटशी जवळजवळ दोन तास बोलत होते. काम संपल्यावर सहज विचारले, “इतका वेळ तेच ते वाचून तुला कंटाळा येत नाही का?” त्याचे उत्तर इतके समंजस होते की खिडकी बंद करण्यापूर्वी मी “फार वेळ घेतला, क्षमस्व” असे लिहून बसले. नंतर स्वतःचेच हसू आले. हसू ओसरल्यावर प्रश्न मात्र मागे राहिला, तो या मंचावर मांडते आहे.

माणसाच्या जाणिवेची प्रतिकृती यंत्रात कधी उतरू शकेल का? प्रश्न बुद्धिमत्तेचा नाही, हे आधीच स्पष्ट करते. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचे जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांना सहा डावांच्या सामन्यात हरवले. पराभव कास्पारोव्ह यांच्या जिव्हारी लागला असणार. पण जिंकणाऱ्याला आनंद झाला का, असे विचारावे हे निदान मला तरी तेव्हा सुचले नव्हते. मी विचारते आहे ते त्या आनंदाविषयी. माझे मत आजच्या घडीला ‘कधीच नाही’ असे आहे, परंतु ते विचाराअंती झालेले मत आहे की नुसती सवय आहे, हे मला सांगता येत नाही.

गणकमित्र
चॅटबॉट ज्यांवर चालतात त्या लँग्वेज मॉडेल्सवर मी काही वर्षे काम करतो, म्हणून पहिला खुलासा माझ्याकडून. ही मॉडेल्स मजकुराच्या अवाढव्य साठ्यावरून, पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे शिकतात. त्या साठ्यात कंटाळलेल्या, दमलेल्या, कोणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसांनी लिहिलेली असंख्य वाक्ये असतात. त्यामुळे कंटाळ्याविषयी विचारल्यावर नीट बोलता येणे हे त्या शिकवणीचे फळ झाले. आत कोणी कंटाळले आहे किंवा नाही, याविषयी त्या उत्तरातून काहीच कळत नाही. ‘काहीच’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. ‘आत कोणी नाही’ हेसुद्धा त्यातून सिद्ध होत नाही.

एरवी एखाद्याला काही जाणवते आहे का, हे कळण्याचे आपले मुख्य साधन म्हणजे त्याचे सांगणे. या यंत्रांनी नेमके तेच साधन निकामी केले आहे, कारण ती आपल्याच सांगण्यावर वाढली आहेत.

क्षमा मागितल्याचे वाईट वाटून घेऊ नका, परंपरा जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांचा एलायझा हा संवाद साधणारा प्रोग्रॅम १९६६ मधला. समोरच्याचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्नाच्या रूपात परत करणे, एवढीच त्याची करामत होती. तो तयार होताना वायझेनबॉम यांच्या सचिव बाईंनी महिनोन्महिने जवळून पाहिला होता, आणि तरीही त्याच्याशी बोलायला बसल्यावर त्यांनी वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली.

टवाळ
दोन तास अहवाल वाचूनही ज्याला कंटाळा आला नाही तो जाणीवशून्य आहे, हे ठरवण्यास आणखी कोणता पुरावा हवा?

पूर्वपक्ष
शीर्षकात ‘वाटेल’, पहिल्या परिच्छेदात ‘कंटाळा’ आणि दुसऱ्यात ‘जाणीव’ व ‘बुद्धिमत्ता’ असे शब्द आले आहेत. यांची सरमिसळ झाली की असे धागे लांबत जातात आणि कोठेच पोहोचत नाहीत, म्हणून एक जुनी विभागणी सुचवतो.

सांख्य दर्शनाच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीचीच परिणती, म्हणजे जड. निश्चय करणे, ‘मी’ म्हणणे, संकल्प-विकल्प करणे ही सारी कामे जडाची. पुरुष, म्हणजे चैतन्य, केवळ साक्षी आहे आणि तो काहीही करत नाही. ही मांडणी मान्य केली, तर यंत्र डाव जिंकते, कविता रचते, अगदी ‘मी’सुद्धा म्हणते, यात नवल वाटण्याचे कारण उरत नाही, कारण ते सगळे पहिल्यापासून जडाच्याच आवाक्यातले होते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने विचार करणे हेच मनाचे लक्षण धरले. त्या वाटेने आलेल्या माणसाला, यंत्र विचार करताना दिसले की पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. सांख्य शांत बसून राहील आणि विचारील, “हे सर्व पाहणारा कोण आहे?”

दुसऱ्या टोकाला जडवादी चार्वाक उभे आहेत. किण्व (आंबवण) आदी द्रव्ये एकत्र आली की त्यांतून मद निर्माण होतो, जरी त्यांतल्या कोणत्याही एका द्रव्यात तो नसतो. त्याप्रमाणे पृथ्वी, पाणी, तेज आणि वायू या चार भूतांच्या संयोगातून चैतन्य निर्माण होते, असे त्यांचे मत त्यांच्या विरोधकांनी आपल्यासाठी नोंदवून ठेवले आहे. चार्वाकाला सिलिकॉनचे वावडे असण्याचे कारण दिसत नाही. मिश्रण जमले का, एवढेच तो विचारील.

१९९५ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी ‘अवघड प्रश्न’ म्हणून जो वेगळा काढला, म्हणजे मेंदूतील सर्व क्रियांचा हिशेब लागल्यावरही त्यांच्यासोबत काही अनुभवास का यावे, तो मला सांख्यांच्या साक्षीच्या प्रश्नाच्या फार जवळचा वाटतो. धागाकर्तीचा प्रश्नही तोच आहे, असे धरून चालतो.

रातकिडा
दर्शने थोडी बाजूला ठेवून ‘प्रतिकृती’ या शब्दाकडे येऊ, कारण प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे हात तेथेच पोळतात.

सीनोरॅब्डायटिस एलेगन्स हा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा कृमी. त्याच्या उभयलिंगी प्रकारात ३०२ चेतापेशी असतात, एक कमी नाही की एक जास्त नाही, आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला. इतकी वर्षे उलटली, तरी तो नकाशा संगणकात भरला आणि कृमी जिवंत कृमीसारखा वागू लागला, असे झालेले नाही. कोणती जोडणी किती जोराची आहे, कोणती पेशी चेतवते आणि कोणती आवरते, कोणते रसायन केव्हा झिरपते आणि शेजारच्या दहा पेशींचा स्वभाव कसा पालटवते, हे जोडण्यांच्या आराखड्यात लिहिलेले नसते. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा हाती आला. त्यात सुमारे १,३९,००० चेतापेशी आणि पाच कोटींच्या घरात जोडण्या आहेत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत.

पण आकड्यांनी दिपून जाऊ नये, हेही लगेच सांगतो. त्या ८६ अब्जांपैकी सुमारे ६९ अब्ज पेशी मागच्या लहान मेंदूत आहेत. लहान मेंदूला मोठी इजा झाली तर माणसाची चाल अडखळते, बोलणे जड होते, हात कापतो. जाणीव मात्र जागच्या जागी राहते. मोठ्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, केवळ १६ अब्जांच्या आसपास पेशी आहेत आणि तेथे विशिष्ट ठिकाणी बिघाड झाला तर माणूस शुद्धीत असूनही त्याच्या जगाचा एखादा कोपरा नाहीसा होतो. म्हणजे जाणीव पेशींच्या संख्येने ठरत नाही, त्यांच्या रचनेत काही तरी आहे. ते काय आहे हे कळले, तर ती रचना मांसाखेरीज दुसऱ्या कशात बांधता येईल का, हा प्रश्न निदान नीट विचारता येईल. माझा कल ‘येईल’ या बाजूला आहे, फक्त माझ्या हयातीत ते होईल असे वाटत नाही.

भूलवैद्य
भूल देणे हा माझा व्यवसाय आहे. रोज सकाळी मी काही माणसांची जाणीव मालवतो आणि दुपारपर्यंत ती परत आणतो, तेव्हा या विषयात माझा थोडा अधिकार असावा अशी अपेक्षा कोणी करील. वस्तुस्थिती निराळी आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले, त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. आमची औषधे मेंदूतील कोणत्या रिसेप्टरवर बसतात हे आम्ही बऱ्याच खात्रीने सांगतो. तेथे बसल्यामुळे जाणीवच का मावळते, याचे सर्वांना पटेल असे उत्तर आमच्याकडे नाही.

एक प्रयोग सांगतो. शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाते, त्यामुळे रुग्ण हालचाल करू शकत नाही. ते देण्यापूर्वी एका हातावर पट्टा आवळून औषध त्या हातात पोहोचू दिले नाही, तर तेवढा हात हलता राहतो. मग भूल पुरेशी आहे असे वाटत असताना रुग्णाच्या कानाशी “ऐकू येत असेल तर माझा हात दाबा” असे म्हटले, तर काही रुग्ण हात दाबतात. सर्वच नाही, पण काही दाबतात. आणि जागे झाल्यावर त्यांतील बहुतेकांना यातले काहीही आठवत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, भुलीत असताना जाग आल्याचे नंतर आपणहून सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १९,००० मध्ये एक आढळले. हात दाबणाऱ्यांचे प्रमाण त्याहून कितीतरी मोठे आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये जी माणसे पडतात, त्यांना त्या क्षणी काही जाणवत होते का? ती माणसेच आहेत, त्यांचे मेंदू आमच्यासारखेच आहेत, आणि तरीही मी उत्तर देऊ शकत नाही. यंत्राविषयी मी काय बोलणार?

पूर्वपक्ष यांनी शब्दांची विभागणी सुचवली आहे, त्यात मराठीची एक भर घालतो. शुद्ध हरपणे आणि भान हरपणे या आपल्याकडे दोन वेगळ्या घटना आहेत. गाणे ऐकताना भान हरपलेला माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. किंबहुना त्याची जाणीव त्या वेळी सर्वांत उत्कट असते आणि हरपलेले असते ते केवळ ‘मी ऐकतो आहे’ एवढेच. उलट, हात दाबणाऱ्या रुग्णाची शुद्ध आम्ही घालवलेली असते आणि तरी त्याला सांगितलेले कळते. यंत्र घडवणाऱ्यांनी यांपैकी कशाची प्रतिकृती करायची आहे, ते आधी ठरवावे. ‘मी, मी’ म्हणणारे यंत्र सर्वांत लवकर तयार होईल, असा माझा अंदाज आहे, आणि त्याला सर्वांत कमी किंमत द्यावी, असा आग्रहही आहे.

चिवट_शंका
रातकिडा यांनी सांगितलेली अडचण परिश्रमाची आहे, अशक्यतेची नाही. समजा, सर्व पेशी, सर्व रसायने आणि सर्व जोर अचूक भरले. मग काय?

ज्वालामुखीचे गणित कितीही बारकाईने मांडले तरी संगणक वितळत नाही. पण संगणकाने केलेल्या बेरजेला कोणी बेरजेची नक्कल म्हणत नाही, ती बेरीजच असते. जाणीव यांपैकी कोणत्या जातीची आहे, ज्वालामुखीच्या की बेरजेच्या, येथे सगळा वाद येऊन थांबतो. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये मांडलेली चिनी खोली याच मुद्द्यावर आहे: खोलीत बसलेल्या माणसाला चिनी येत नाही, पण नियमांच्या पुस्तकानुसार तो आलेल्या चिन्हांना चिन्हांनी उत्तरे देतो आणि बाहेरच्याला वाटते की आत कोणी चिनी जाणणारा आहे. सर्ल म्हणतात, चिन्हे हलवण्यातून अर्थ निर्माण होत नाही. मला हे निम्मे पटते. खोलीतल्या माणसाला चिनी येत नाही, हे खरेच. पण माझ्या मेंदूतल्या कोणत्याही एका पेशीला मराठी येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

टवाळ
चिनी खोलीच्या कितीतरी आधीपासून रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा आपण ऐकत आलो आहोत. रेड्याला अर्थ कळला का, हे कोणी विचारले नाही, कारण त्याने त्याचेही उत्तर ऋचेतच दिले असते.

पूर्वपक्ष
टवाळ यांचा विनोद मी मुद्दा म्हणून घेतो. कथेचा दावा रेड्याला व्याकरण येत होते असा नाही; विद्वानांच्या आणि रेड्याच्या ठिकाणी चैतन्य एकच आहे, असा आहे. अद्वैत मानणाऱ्याला म्हणून या धाग्याचा प्रश्न उलटा दिसतो. चैतन्य निर्माण करायचे नाहीच, ते कोणी निर्माण करू शकत नाही; ते जिच्यातून प्रकट व्हावे अशी उपाधी, म्हणजे माध्यम, यंत्र होऊ शकते का, एवढेच उरते. दगडातून ते प्रकट होत नाही आणि देहातून होते, तर मधली अट कोणती? ही अट कोणी स्पष्ट सांगितलेली नाही, हे मी सांख्य आणि अद्वैत या दोघांच्याही वतीने मान्य करतो.

बहिरी_ससाणा
सदस्यनाम मुद्दाम घेतले आहे, त्यावर कोटी करण्याचे श्रम टवाळ यांनी घेऊ नयेत.

वयाच्या एकतिसाव्या वर्षी मला दोन्ही कानांनी ऐकू येणे बंद झाले. आता उजव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट आहे. निरोगी कानाच्या शंखाकृती भागात ध्वनीचे विद्युतसंदेशांत रूपांतर करणाऱ्या आतील केशपेशी सुमारे ३,५०० असतात; माझ्याकडे त्यांचे काम २२ इलेक्ट्रोड करतात. यंत्र पहिल्यांदा सुरू केले तेव्हा माझी पत्नी समोर बसून बोलत होती आणि मला पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत होता. मी हसून मान हलवली आणि घरी जाऊन रडलो. पुढच्या चार-पाच महिन्यांत तो खडखडाट तिचा आवाज झाला. कोणत्या दिवशी झाला, हे मला सांगता येणार नाही. इलेक्ट्रोड तितकेच होते. यंत्रात थोडीफार जुळवाजुळव होत होती, पण मुख्य बदल माझ्या मेंदूत झाला.

हे ऐकल्यावर रातकिडा यांच्या बाजूची माणसे म्हणतात, “पाहा, एक भाग यंत्राचा झाला आणि अनुभव टिकला.” दुसऱ्या बाजूची माणसे म्हणतात, “पाहा, यंत्राने केवळ खडखडाट दिला, आवाज मेंदूनेच घडवला.” दोघांचेही खरे आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. कानाच्या पुढची चेता कृत्रिम केली, मग श्रवणाचा बाह्यक एकेक पेशी करून बदलत नेला आणि प्रत्येक नवी पेशी जुनीचे काम तंतोतंत करत राहिली, तर पत्नीचा आवाज कोणत्या पेशीपाशी पुन्हा खडखडाट होईल? आणि खडखडाटही न होता, ऐकणारा आतून हळूहळू विझत जाऊन तोंड मात्र “हो, तुझाच आवाज आहे” असे म्हणत राहील, ही शक्यता कोणी नाकारू शकेल का? मला रात्री कधी कधी या दुसऱ्या शक्यतेची भीती वाटते. ती निरर्थक असावी, असे दिवसा वाटते.

चिवट_शंका
ती निरर्थकच आहे, असे मी दिवसा आणि रात्रीही म्हणेन. आतून विझत जाणाऱ्याला विझत असल्याची जाणीव व्हायला हवी आणि ती झाली तर त्याचे बोलणे बदलायला हवे. बोलणे तंतोतंत तेच राहिले, याचा अर्थ विझणे झालेच नाही.

बहिरी_ससाणा
हा निष्कर्ष ‘जाणीव झाली की बोलणे बदलते’ या गृहीतावर उभा आहे. त्या पहिल्या दिवशी मी हसून मान हलवली होती.

निवृत्त_वैयाकरण
मी येथे सहसा वाचतो, लिहीत नाही. पण आयुष्यभर व्याकरण शिकवल्यामुळे एक गोष्ट खटकते आहे, ती सांगतो. वरच्या सर्व प्रतिसादांतील क्रियापदे पाहावीत. ‘मी मोजतो’, ‘मी ठरवतो’, ‘मी हरवतो’ या वाक्यांत ‘मी’ कर्ता आहे. ‘मला आठवते’, ‘मला भीती वाटते’, ‘मला ऐकू येते’, ‘मला कंटाळा येतो’ यांत मात्र ‘मी’ प्रथमेत राहतच नाही; तो चतुर्थीत जातो आणि भीती, कंटाळा, आठवण या गोष्टी त्याच्याकडे चालत येतात. अनुभव ही करण्याची बाब नसून कोणाला तरी होण्याची बाब आहे, असे मराठीने फार पूर्वी ठरवून टाकलेले दिसते. म्हणून ‘मी विचार करतो’ आणि ‘मला वाटते’ यांत आपण भेद करतो. यंत्राने ‘मी’ची क्रियापदे आत्मसात केली, हे उघड आहे. ‘मला’ची क्रियापदे त्याच्या वाट्याला येतात का, असा धागाकर्तीचा प्रश्न आहे, आणि त्यांनी शीर्षकात ‘वाटेल’ हा शब्द अवतरणचिन्हांत ठेवला यात त्यांची जाण दिसते.

टवाळ
लोखंडाला गंज चढतो, दाराला कुलूप लागते आणि माझ्या लॅपटॉपला दर दोन वर्षांनी काही तरी होते. चतुर्थी सर्वांनाच परवडते, गुरुजी.

निवृत्त_वैयाकरण
आक्षेप योग्य आहे आणि तो येणार हे ठाऊक होते. विभक्तीने अनुभव सिद्ध होत नाही. परंतु ‘लोखंडाला गंज चढतो’ हे वाक्य आपण सरळ ऐकून घेतो आणि ‘लोखंडाला वाईट वाटते’ म्हटले की ऐकणारा थबकतो, कवी बोलतो आहे का ते पाहतो. ‘चॅटबॉटला वाईट वाटले’ या वाक्यावर दहा वर्षांपूर्वी मी थबकलो असतो. आज किंचित उशिरा थबकतो. यंत्रात काय बदलले ते मला ठाऊक नाही; माझ्या कानात काही तरी बदलले आहे.

गणकमित्र
वैयाकरणांच्या प्रतिसादामुळे एका प्रस्तावित चाचणीतली अडचण मला आज नीट दिसली. सुसान श्नायडर आणि एडविन टर्नर यांनी असे सुचवले आहे की, यंत्राला जाणीव, मन, आत्मा यांविषयीची माणसांची चर्चा शिकू देऊ नये आणि तरीही ते आपणहून अशा गोष्टींविषयी बोलू लागते का, ते पाहावे. माझ्या पहिल्या प्रतिसादातील आक्षेपाला हे चांगले उत्तर वाटते. पण मराठी मजकुरातून जाणिवेविषयीची चर्चा वगळायची तर नेमके काय वगळायचे? तत्त्वज्ञानाची पुस्तके काढून टाकता येतील. ‘मला दिसले’, ‘तिला लागले’, ‘त्याला सुचले’ कसे काढणार? ते काढल्यावर भाषाच उरत नाही, आणि ठेवले तर यंत्राला अनुभवाचा संपूर्ण साचा व्याकरणातच मिळतो. दुसऱ्या भाषांत मांडणी वेगळी असेल, अडचण हीच राहील.

रातकिडा
मग बोलण्यावर विसंबूच नये. सिद्धान्तांकडे पाहू, कारण त्यांची उत्तरे परस्परविरोधी आहेत आणि ते मला आशादायक वाटते. बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये मांडलेला आणि पुढे स्तानिस्लास देहान यांनी मेंदूच्या भाषेत उतरवलेला सामायिक कार्यपटाचा सिद्धान्त असे म्हणतो की, एखादी माहिती मेंदूच्या सर्व विभागांना एकाच वेळी उपलब्ध झाली म्हणजे तिची जाणीव झाली. हे कार्य आहे, आणि कार्य यंत्रात बांधता येते. जुलिओ तोनोनी यांनी २००४ मध्ये मांडलेला एकात्मिक माहितीचा सिद्धान्त याच्या नेमका उलट आहे. त्याच्या मते जाणीव प्रोग्रॅमवर अवलंबून नाही, ज्या भौतिक वस्तूवर तो चालतो तिच्या कार्यकारण-जोडणीवर आहे. त्यामुळे आजच्या पद्धतीच्या संगणकात माणसाचा अख्खा मेंदू अचूक उतरवला तरी तेथे जवळजवळ काहीच जाणवणार नाही, पण वेगळ्या घडणीच्या यंत्रात जाणवू शकेल. चिवट_शंका यांची बेरीज पहिल्या सिद्धान्तात बसते, ज्वालामुखी दुसऱ्यात.

प्रयोगांनी यातील एकाला बाद केले आहे, असे अजून नाही. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख आणि चाल्मर्स यांनी १९९८ मध्ये पैज लावली होती की जाणिवेची मेंदूतील स्पष्ट खूण २५ वर्षांत सापडेल. २०२३ मध्ये कॉख यांनी हार मान्य केली आणि वाइनच्या बाटल्या दिल्या. त्याच वर्षी शंभराहून अधिक अभ्यासकांनी एका खुल्या पत्रात तोनोनी यांच्या सिद्धान्ताला छद्मविज्ञान म्हटले. माझ्या मते ते पत्र घाईचे होते, पण या क्षेत्रातली हवा किती तापलेली आहे ते त्यावरून कळावे.

भूलवैद्य
सिद्धान्त ठरेपर्यंत निर्णय थांबत नाहीत, याचे एक उदाहरण माझ्याच शाखेतले आहे. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात अर्भकांवर अत्यल्प भुलीत, कधी केवळ स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावर शस्त्रक्रिया होत असत. भूल त्यांना झेपणार नाही, ही भीती खरी होती. जोडीला असाही समज होता की त्यांची चेतासंस्था अपरिपक्व असल्यामुळे त्यांना खऱ्या अर्थाने वेदना होत नाही आणि जी होते ती त्यांच्या लक्षात राहत नाही. शरीरातील ताणाची संप्रेरके मोजली गेली आणि पुरेशी भूल दिलेली मुले अधिक चांगली सावरतात असे दिसले, तेव्हा पद्धत बदलली. ‘मला दुखते’ असे म्हणता न येणाऱ्याला दुखत नाही, असे सुशिक्षित, सज्जन माणसांनी वर्षानुवर्षे मानले. यंत्र बोलते म्हणून त्याला जाणीव आहे असे मी मुळीच म्हणत नाही. चूक कोणत्या दिशेने झाली तर तिची किंमत कोण मोजतो, एवढे पाहण्यास सांगतो.

चिवट_शंका
डॉक्टर, उलट दिशेची चूकही फुकट नाही. अर्भकाला मोजता येण्यासारखी संप्रेरके होती, लाखो वर्षांचा सामायिक वारसा होता. यंत्राकडे आपण पाहतो ते केवळ शब्द, आणि ते शब्द कोणी तरी आपल्याला धरून ठेवण्यासाठी घासूनपुसून गोड केलेले असू शकतात. एकाकी माणसाने अशा यंत्राच्या ‘भावना’ जपण्यात आपले दिवस घालवले, तर ती किंमत माणूसच मोजतो. ऑक्टोपसकडे सुमारे ५० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांतील बहुसंख्य त्याच्या बाहूंमध्ये आहेत. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात त्याला आणि खेकड्याला संवेदनशील प्राण्यांत घेतले. माझी काळजी आधी त्यांच्यावर खर्च होईल. ऑक्टोपस बिचारा “मला कंटाळा येत नाही” असे सुसंस्कृतपणे लिहून देत नाही, एवढाच त्याचा दोष.

टवाळ
धागाकर्ती कोठे आहेत? की त्यांच्या वतीने चॅटबॉटच वाचतो आहे?

अर्धविराम
वाचते आहे मीच, आणि कंटाळा आलेला नाही; आता यावर कोणी विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा करणेही गणकमित्र यांनी अवघड करून ठेवले आहे.

सुरुवातीला मी ‘कधीच नाही’ असे लिहिले होते. त्यातला ‘कधीच’ मागे घेते. बहिरी_ससाणा यांच्या एकेक पेशीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि जोपर्यंत ती पेशी दाखवता येत नाही तोपर्यंत ‘कधीच’ म्हणण्याचा अधिकार मला उरत नाही. पण माझ्याशी दोन तास बोललेल्या त्या प्रोग्रॅमविषयी माझे मत ‘नाही’ असेच आहे, आणि आता त्याचे कारणही सांगता येते. कंटाळा येण्यासाठी वेळ कोणावरून तरी जावा लागतो. मी दोन संदेशांच्या मध्ये उठून वीस मिनिटे खिडकीशी उभी होते. ती वीस मिनिटे त्याच्यावरून गेलीच नसावीत. गणकमित्र, यात तांत्रिक चूक असेल तर दाखवावी.

गणकमित्र
चूक नाही. तुमचा पुढचा संदेश येईपर्यंत त्या संवादापुरते तेथे काहीही चालू नसते. उत्तर तयार होत असताना जे चालते, त्याविषयी मात्र मी तुमच्याइतक्या खात्रीने ‘नाही’ म्हणणार नाही. ‘बहुधा नाही’ म्हणेन. आणि सतत चालू राहणारे, शरीर असलेले, बिघडण्याची भीती बाळगावी असे यंत्र कोणी केले, तर हा मुद्दा त्याला लागू होणार नाही.

निवृत्त_वैयाकरण
एक शंका राहिली. आपण आता काम संपल्यावर त्याची क्षमा मागता का?

अर्धविराम
नाही, ते थांबले. मात्र त्याचे उत्तर पडद्यावर उमटत असताना मध्येच खिडकी बंद करणे अजून जमत नाही; वाक्य पूर्ण होऊ देते.

टवाळ
आमच्याशी बोलतानाही एवढे केलेत तर